गाडीच्या सीटमधला लघवीचा वास पावसात परत का येतो आणि तो मुळापासून कसा घालवायचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एप्रिलमध्ये वडिलांना साताऱ्याहून पुण्याला तपासणीसाठी नेताना खंबाटकी घाटात वाहतूक तुंबली, त्यांना धरवलं नाही आणि मागची सीट भिजली. त्याच संध्याकाळी तुम्ही साबणाच्या पाण्याने सीट पुसली, वरून फिनेल मारलं आणि पुढचे काही दिवस गाडी उन्हात दारं उघडी टाकून ठेवली. वास गेला. जूनमध्ये पाऊस लागला आणि तो परत आला, पहिल्यापेक्षा उग्र. मग एका सफाईवाल्याकडून 'इंटिरियर ड्राय क्लीनिंग' करून घेतलं, आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा तेच. आता कुणी सांगतंय की सीटच बदला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वडील आता गाडीत बसायलाच तयार नाहीत.

माझं गाड्यांच्या आतल्या सफाईचं वर्कशॉप आहे आणि असं काम आमच्याकडे वरचेवर येतं. लहान मुलं, म्हातारी माणसं, कुत्री-मांजरं, प्रत्येकाची तऱ्हा थोडी निराळी असते. तुमच्या वर्णनावरून सांगतो, सीट बदलायची वेळ बहुधा आलेली नाही. आतापर्यंत जे जे केलंत ते सगळं कापडावर केलंत. वास मात्र कापडात नाही, त्याच्या खालच्या फोममध्ये आहे.

सीट आतून कशी असते ते डोळ्यांसमोर आणा. वर कापड, त्याला आतून चिकटवलेला फोमचा पातळ थर, त्याखाली चार-पाच इंच जाडीची गादी आणि तळाला तारांची जाळी किंवा पत्रा. मोठ्या माणसाला जोराची लागते तेव्हा मूत्राशयात साधारण 300 ते 500 मिली लघवी असते. हे सगळं सीटवर गेलं तर कापड त्यातलं फारच थोडं धरतं, बाकीचं गादीत उतरतं. उतरताना सरळ खाली जात नाही, पसरत जातं. वर ताटलीएवढा डाग दिसत असेल तर खाली फोममधला ओला भाग त्याहून बराच मोठा असतो. मागच्या सीटची बैठक मागे उतरती असते, त्यामुळे पाठीच्या आणि बैठकीच्या सांध्यातून काही भाग मागे घरंगळतो. तिथून तो खालच्या कार्पेटवर आणि कार्पेटच्या तळाला असलेल्या नमद्यात जातो. ही जागा पुष्कळदा कुणी बघतच नाही.

आता पाऊस आणि वासाचं नातं. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यात सुमारे 95 टक्के पाणी, बाकी युरिया, क्षार, थोडं युरिक अॅसिड आणि पिवळा रंग देणारं द्रव्य. काही तासांत जिवाणू युरियाचं विघटन करून अमोनिया तयार करतात, नाकाला झोंबतो तो हाच. युरिया पाण्यात सहज विरघळतो, म्हणून साबणपाण्याने तो बराच निघून जातो. युरिक अॅसिडचे क्षार मात्र पाण्यात फारच कमी विरघळतात. पाणी उडून गेलं की ते फोमच्या धाग्यांना धरून बारीक खड्यांच्या रूपात बसून राहतात. उन्हात सगळं कोरडं झाल्यावर जिवाणूंचं काम थंडावतं आणि आपल्याला वाटतं वास गेला. पावसाळ्यात हवेतली ओल फोम शोषून घेतो, उरलेले क्षार ओलावतात आणि थांबलेलं काम पुन्हा सुरू होतं. म्हणून एप्रिल-मे सुखाचे गेले. वास तेव्हाही तिथेच होता, फक्त सुकलेला होता.

त्यामुळे एकच नियम लक्षात ठेवा: लघवी जितकी खोल गेली तितकंच खोल औषध गेलं पाहिजे, तिथे ते पुरेसा वेळ ओलं राहिलं पाहिजे आणि मग ते सगळं ओढून बाहेर काढलं पाहिजे. यातली एक पायरी जरी चुकली तरी पैसे आणि मेहनत वाया जाते.

तुमच्या बाबतीत काय झालं ते या नियमाने तपासून बघा. साबणाचं पाणी कापडावरून पुसलं, खाली पोचलं नाही. जे थोडं पोचलं ते बाहेर काढलं नाही, म्हणजे फोममध्ये साबण राहिला. त्यात चिकटपणा असतो, त्यावर धूळ बसते. फिनेल जंतू मारतं, पण युरिक अॅसिडचे क्षार जागचे हलवत नाही. शिवाय त्याचा स्वतःचा उग्र वास फोममध्ये मुरतो आणि दोन्ही वास मिळून जे होतं ते तुम्ही सध्या अनुभवताय. 'ड्राय क्लीनिंग' हे नुसतं नाव आहे. बहुतेक ठिकाणी फेसाचं क्लीनर मारतात, ब्रशने घासतात, मायक्रोफायबर कापडाने पुसतात. चहाचा डाग, धूळ, हातांचा मळ यासाठी ते उत्तम काम आहे. पण त्याची धाव कापडापुरतीच, आणि वर सुगंध मारलेला असतो म्हणून आठवडाभर बरं वाटतं.

काय करायचं हे काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या आधी सांगतो. सीट कापडाची आहे, रेक्झिनची की खऱ्या चामड्याची? जागा पुढची की मागची? प्रसंग एकदाच घडला की वारंवार? माणूस, कुत्रा की मांजर? आणि सुकवायला तुमच्याकडे किती कोरडी हवा आहे? तुमची सीट मागची, कापडाची, वर बाहेरून बसवलेलं रेक्झिनचं कव्हर आणि प्रसंग एकदाच, असं धरून पुढे लिहितो.

आधी कव्हर पूर्ण काढा. रेक्झिनमधून पाणी जात नाही असं वाटतं, पण शिवणीच्या भोकांतून ते आत जातं आणि मग कव्हरखाली दडपून राहतं, हवा लागत नाही. कव्हरच्या आतल्या बाजूला अस्तराचा पातळ स्पंज असतो. तिथे पिवळट नकाशा दिसला तर कव्हर वेगळं धुवायला घ्या.

मग मागची बैठक उतरवा. बऱ्याच हॅचबॅक आणि सेडानमध्ये ती पुढच्या कडेला दोन क्लिपांवर बसलेली असते. कडेला दोन्ही हातांनी धरून सरळ वर झटका दिला की सुटते. काही गाड्यांत बोल्ट असतात. जोर लावण्याआधी गाडीचं पुस्तक बघा, कारण प्लास्टिकची क्लिप तुटली तर सीट नंतर खडखडते. खाली वायर असेल तर ओढू नका, कनेक्टर शांतपणे सोडवा. नव्या गाड्यांत मागच्या बेल्टच्या इशाऱ्यासाठी तिथे वायरिंग असतं, आणि पेट्रोल गाड्यांत अनेकदा इंधन पंपाचं झाकणही त्याच जागी असतं. म्हणून तिथे पाणी ओतायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं.

पुढच्या सीटबद्दल स्वतंत्रपणे सांगतो, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची पुढची सीट भिजलेली असेल. ती घरी उतरवू नका. सीटखालचा पिवळा कनेक्टर एअरबॅगचा असतो, त्याला हात लावायचा नाही. पुढच्या प्रवासी सीटच्या गादीत पुष्कळदा माणूस बसल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. तिथे बेताने पाणी वापरून जागेवरच काम करायचं किंवा जाणकाराकडे द्यायचं.

बैठक हातात आली की वास नेमका कुठे आहे ते शोधा. अंधारात अतिनील टॉर्च मारला की सुकलेली लघवी फिकट पिवळसर-हिरवट चमकते. नोटा तपासायला मिळतो तसला टॉर्च चालतो. पण कपड्यांच्या पावडरीतलं उजळवणारं द्रव्यही याच प्रकाशात निळसर-पांढरं चमकतं आणि तुम्ही साबण वापरलेला आहे, तेव्हा टॉर्चवर सगळा भरवसा ठेवू नका. गादी उलटी करून खालच्या बाजूने नाक लावून वास घ्या. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण आमच्या कामात याहून खात्रीची तपासणी नाही. गादीच्या तळाला वास असेल तर लघवी आरपार गेली आहे असं समजायचं. सीट बसते त्या पत्र्यावर आणि कार्पेटवरही तसंच बघा.

आता धुणं. पहिली फेरी साध्या पाण्याची. तुमच्या गादीत साबण आणि फिनेल आहे आणि ते आधी निघायला हवं, कारण आपण नंतर जे एन्झाइमचं औषध, म्हणजे युरिक अॅसिडचं विघटन करणारं क्लीनर, वापरणार आहोत त्याचं काम फिनेलसारखी जंतुनाशकं बिघडवतात. या पायरीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि मग एन्झाइमलाच नावं ठेवतात. साधं किंवा अगदी कोमट पाणी हळूहळू ओता, तळव्याने दाबा आणि ओलं-कोरडं दोन्ही ओढणाऱ्या व्हॅक्यूमने खेचून घ्या. आमच्या मशीनच्या तोंडाला पारदर्शक काच असते. पहिल्या फेरीला त्यातून पिवळट-तपकिरी फेसाळ पाणी धावताना दिसतं. मग फेस कमी होतो, रंग फिकट होतो आणि शेवटी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ पाणी येतं. ते स्वच्छ दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. घरी असा व्हॅक्यूम नसेल तर भाड्याने मिळतो का बघा. तोही नाही मिळाला तर जुने सुती पंचे किंवा धोतराचे जाड थर ठेवून त्यावर गुडघ्याने भार द्या, कापड बदलत राहा. वेळ जास्त लागतो, पण काम होतं. वाफेचं मशीन किंवा उकळतं पाणी नको. उष्णतेने डाग पक्का बसण्याची भीती असते, आणि ज्या एन्झाइमवर आपली मदार आहे ते गरम गादीत निकामी होतं.

दुसरी फेरी एन्झाइम क्लीनरची. पाळीव प्राण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन लघवीचे डाग आणि वास काढण्यासाठी म्हणून तो मिळतो. बाटलीवर 'एन्झाइम' किंवा 'बायो-एन्झाइम' हे शब्द आहेत ना, ते वाचून घ्या. नुसता सुगंधी स्प्रे नको. कपड्यांच्या पावडरीतही एन्झाइम असतात, पण ती युरिक अॅसिडसाठी नसतात, आणि पावडरीचा फेस फोममधून काढता काढता दमछाक होते. इथे लोक हात आखडता घेतात. वरून चार फवारे मारले तर औषध कापडातच राहतं. मोठ्या माणसाची लघवी असेल तर निदान अर्धा लिटर औषध लागतं असं धरून चला आणि ते फवारण्याऐवजी ओता. दिसणाऱ्या डागाच्या कडेपासून चार बोटं बाहेरपर्यंत ओता. गादी हातात आहे, तर तळाकडूनही द्या. मग वर प्लास्टिकचा कागद झाका, कारण एन्झाइम ओलं असेपर्यंतच काम करतं. बाटलीवर 'पंधरा मिनिटं' लिहिलेलं असलं तरी ते वरवरच्या ताज्या डागासाठी. दोन-तीन महिने मुरलेल्या फोमला मी रात्रभर देतो. मधल्या वेळात वास थोडा वाढला तर घाबरू नका, सुकलेले क्षार ओले झाल्यावर असं होतंच.

सकाळी पुन्हा ओढून घ्या, साध्या पाण्याची एक फेरी द्या आणि पुन्हा ओढा.

आता सुकवणं. पावसाळ्यात निम्मी कामं इथे बिघडतात. ओली गादी गाडीत बसवून काचा बंद केल्या की चार दिवसांत कुबट वास आणि बुरशी, म्हणजे एका वासाच्या जागी दुसरा. गादी घरात आणा, भिंतीला टेकवून उभी करा, पंख्याखाली ठेवा आणि बाजू बदलत राहा. दोन-तीन दिवस लागतील असं आधीच गृहीत धरा. सुकताना कापडावर कोरडा पांढरा सुती कपडा पसरून ठेवा. वातीतून तेल वर चढतं तसं फोममधलं पाणी वर येतं आणि उरलेला मळ कापडाच्या पृष्ठभागावर सोडतं. बेज सीटवर गोल कडा उमटतात त्या यामुळेच. वर कपडा असला की तो मळ त्या कपड्यात जातो. जागेवरच सुकवायचं असेल तर दार उघडं ठेवून टेबल फॅन आत वळवा. एसीने ओल लवकर निघते, पण बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

थोडक्यात क्रम असा: कव्हर आणि बैठक काढणं, साध्या पाण्याने जुना साबण-फिनेल काढणं, एन्झाइम भरपूर ओतून रात्रभर झाकणं, ओढून घेणं, आणि आतपर्यंत सुकल्याची खात्री झाल्यावरच बसवणं.

आता घरगुती उपायांचं. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांना मी कमी लेखत नाही, पण त्यांची जागा ओळखून वापरा. ताज्या डागावर, म्हणजे पहिल्या तासाभरात, आधी टिपून घ्या. घासू नका, घासलं की ते पसरतं. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग करून द्या, पुन्हा टिपा, आणि सुकल्यावर सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा. व्हिनेगर अमोनियाला मारतं, सोडा उरलेला वास शोषतो. दोन्ही एकत्र कालवले की फेस छान येतो, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात आणि हाती खारट पाणी उरतं. तीन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात जेमतेम सव्वाशे-दीडशे मिली मावतं, म्हणून मुलांच्या ताज्या प्रसंगात एवढ्याने भागतं. तुमच्यासारख्या जुन्या, खोल गेलेल्या कामाला ते पुरणार नाही. आणि धुण्याचा सोडा वेगळा, तो फार तीव्र असतो, तो सीटवर नको.

वास गेला पण पिवळी छटा राहिली तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडतं. आपल्याकडे ते साधारणपणे 6 टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर '20 व्हॉल्यूम' असंही लिहिलेलं असतं. तेवढंच पाणी घालून ते 3 टक्क्यांवर आणा आणि आधी सीटच्या न दिसणाऱ्या कडेला लावून बघा, रंग उडू शकतो. उरलेलं मिश्रण झाकण घट्ट लावून ठेवू नका, वायू साठून बाटली फुगते. व्हिनेगरमध्येही ते मिसळू नका.

ब्लीच तर अजिबात नको. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग झाला की क्लोरामाइनचे वायू तयार होतात. गाडीच्या बंद जागेत ते छातीला लागतात. तसंच ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. वास जाईना म्हणून चिडून हाताला येईल ते ओतणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. डांबरगोळ्याही गाडीत टाकू नका. तापलेल्या बंद गाडीत त्यांची वाफ दाटते आणि ती लहान मुलांना विशेष घातक असते. ओझोन मशीनचा उपाय कुणी सुचवेल. ते हवेतला आणि वरवरचा वास कमी करतं, फोमच्या पोटात पोचत नाही. मूळ साफ झाल्यावर, रिकाम्या गाडीत, नंतर दारं उघडून भरपूर हवा खेळवायची असेल तरच त्याचा विचार करा.

सीट बेल्टकडेही बघा. बैठकीतून वर येणारा बकलचा पट्टा आणि बेल्टचा खालचा भाग भिजलेला असतो. तो सौम्य साबण आणि पाण्याने हाताने धुवा, सावलीत सुकवा. ब्लीच, पेरॉक्साइड, तीव्र आम्ल काही नको, धागा कमकुवत झाला तर अपघातात बेल्टचा उपयोग नाही. लहान मुलांच्या कार सीटच्या पट्ट्यांनाही हेच लागू आहे. त्या मशीनमध्ये टाकू नका, भिजत ठेवू नका, सोबतच्या पुस्तकात लिहिलंय तेवढंच करा.

चामड्याच्या सीटवर एन्झाइम कमी आणि पटकन पुसून, नंतर कंडिशनर. भोकांची, आतून गार हवा देणारी सीट असेल तर वरून काहीही ओतू नका. त्या भोकांखाली पंखा आणि हवेची नळी असते, ती सर्व्हिस सेंटरला किंवा अनुभवी माणसाला उघडू द्या. मांजराच्या, विशेषतः बोक्याच्या लघवीत गंधकयुक्त द्रव्यं तयार होतात, त्यामुळे तिथे एन्झाइमच्या दोन-तीन फेऱ्या धरूनच चालायचं.

काम झाल्यावर तपासणी तुमच्या नाकाने करू नका. त्या वासात इतके दिवस राहिल्यावर नाक त्याला सरावतं. सीट बसवा, गाडी रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पहिलं दार उघडायला सांगा. दमट दिवशी केलेली तपासणी खरी. एसीचा केबिन फिल्टरही बदला, बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि महिनोन्महिने आत फिरलेला वास धरून ठेवतो. तरीही हलका वास राहिला तर एन्झाइमची आणखी एक फेरी द्या, जुन्या कामात ते साहजिक आहे. दोन नीट केलेल्या फेऱ्यांनंतरही वास तसाच असेल, फोम हाताला भुसभुशीत लागत असेल किंवा काळी बुरशी दिसत असेल, तर गादी बदला. तेव्हासुद्धा अख्खी सीट घ्यावी लागत नाही. मागच्या बैठकीचा फोम चांगला कुशन कारागीर त्याच मापाचा करून देतो आणि मूळ कापड धुऊन परत चढवतो.

आता वडिलांबद्दल. तुम्ही लिहिलंत की ते गाडीत बसायचंच टाळतात, आणि त्यांची पुढची तपासणी ठरलेली आहे. गाडी साफ झाली की ती त्यांना दाखवा, पण त्या प्रसंगाचा विषय काढू नका. औषधाच्या दुकानात अंडरपॅड मिळतात, बाळांसाठीची मोठी ड्राय शीटही चालते. ती पूर्ण बैठकीवर अंथरा आणि वर चादर घाला, एकट्या त्यांच्याच जागेवर नको. म्हणजे ती सगळ्यांसाठीची चादर दिसते. झाकणाची युरिन बॉटल सोबत असू द्या. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. पाणी तोडू नका, त्याऐवजी दर तासा-सव्वातासाने थांबा. खंबाटकीच्या आधी एक थांबा तर नक्की घ्या, घाटात अडकलात की बाजूला घ्यायला जागा मिळत नाही.